पावसात उन्हाचं गाणं

कानाझावात पावसाला काळवेळ नाही. सकाळी उन्हात वाळत घातलेले मोजे वाळायच्या आत पुन्हा धुऊन निघतात, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर केली तर लोक विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" पण याच कानाझावात एक जागा अशी होती, की जिथं पाऊस आला काय नि गेला काय, कुणाला पत्ता लागत नसे. ती म्हणजे कुरेहाया हे दुकान. आठ मजले जमिनीवर, एक भलंमोठं तळघर जमिनीखाली, आणि खिडकी औषधालाही नाही. बाहेरचं दिसलं की गिऱ्हाइकाला घर आठवतं आणि घर आठवलेलं गिऱ्हाईक पाकीट बंद करतं, असं ते बांधणाऱ्या थोरल्या शेठजींचं ठाम मत होतं.

मग पाऊस आल्याचं आत कळायचं कसं? तर गाण्यानं. मोठ्या दारावरचा पहारेकरी मुरोई-सान आठव्या मजल्यावर, जिथून दुकानभर सूचना दिल्या जात त्या माइकच्या खोलीत फोन करी आणि एकच शब्द बोले, "आला." खोलीतली मुलगी टेप लावी, आणि दुकानभर एक जुनं पावसाचं गाणं वाजू लागे, शब्दांशिवाय, नुसतं व्हायोलिनवर. गिऱ्हाइकांना वाटे, वा, काय मंद संगीत आहे. नोकरमाणसं मात्र ते ऐकताच कामाला लागत. कागदी पिशव्यांवर प्लॅस्टिकच्या खोळी चढत, छत्र्यांची गाडी तिसऱ्या मजल्यावरून घरंगळत दारापाशी येई, पायपुसणी अंथरली जात, लिफ्टमधल्या मुली प्रत्येकाला जपून पाऊल टाकायला सांगत. पाऊस थांबला की मुरोई-सानचा दुसरा फोन, "गेला." मग उन्हाचं गाणं, पियानोवर, टुणटुण उड्या मारणारं, आणि सगळ्या खोळी खाली. गिऱ्हाइकाला यातलं ओ की ठो कळत नसे, आणि कळू द्यायचंही नाही असा दंडक होता.

ज्या काळात कानाला लावून फिरायच्या कॅसेटचं नवल अजून ओसरलं नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. माइकच्या खोलीतली मुलगी होती तोमोए. आवाज मधासारखा, हात चलाख, आणि डोक्यात पावसाच्या गाण्यांखेरीज दुसरं काही नाही. आपल्या जपानात गाणारा म्हणून जो कुणी उभा राहिला त्यानं एकतरी पावसाचं गाणं म्हटलेलंच आहे, आणि तोमोएनं ती सगळी जमवायचा विडा उचलला होता. भुरभुरीचं गाणं वेगळं, सरीचं वेगळं. बसच्या काचेला डोकं टेकून ऐकायचं वेगळं आणि रविवारी दुपारी कुणाशी तरी भांडून आल्यावर गादीत पडून ऐकायचं अगदीच वेगळं. सॅक्सोफोन नसेल तर गाणं रिमझिमीला चालून जातं, मुसळधारेत ते टिकत नाही, हा तिचा सिद्धांत होता आणि जेवणाच्या सुट्टीत तो ऐकून घ्यायला कुणी तयार नसे.

एकजण सोडून. तळघरात मिठाईच्या ठेल्यावर तेप्पेई नावाचा तरुण होता. लाल चवळीच्या थंडगार वड्या विकायचा, आणि खोका असा बांधायचा की घरी नेल्यावर लोकांना तो सोडवायचं जिवावर येई. गाण्यातलं त्याला काडीचं कळत नव्हतं. तो गायला लागला की सूर दुसऱ्या वाटेनं निघून जात. पण तोमोएनं दिलेली प्रत्येक कॅसेट तो इमानानं ऐकायचा आणि परत करताना अभिप्राय द्यायचा: "तिसऱ्या गाण्यातल्या बाईला सर्दी होणार." "त्या माणसानं आधी छत्री का नाही घेतली?" तोमोए हसून हसून वाकायची. हसण्यात दीड वर्ष गेलं आणि ते कुठं चाललंय हे तळघरातल्या झाडून सगळ्या बायकांना त्या दोघांच्या आधी कळलं.

एका मंगळवारी गच्चीवर, मुलांच्या छोट्या झुकझुक गाडीशेजारी डबा खाता खाता, तेप्पेईनं भाताचा घास हातातच धरून सांगितलं की मिठाईवाले मालक पार उत्तरेला, साप्पोरोला नवा ठेला काढताहेत आणि तिथं त्याला पाठवताहेत. राहायची जागा मालकच देणार. शुक्रवारी तीन वाजता ते तिकडं फोन करून सांगणार होते, एकट्यापुरती एक खोली हवी, की दोघांपुरत्या दोन.

"एक की दोन, ते तू सांगायचं," तेप्पेई म्हणाला.

तोमोएला खूप महत्त्वाचं काही समोर आलं की हसू फुटायचं, हे तिचं दुर्दैव. ती हसली. मग हसू आवरायला म्हणून जे तोंडाला आलं ते बोलली, "पण साप्पोरोला तर पावसाळाच नसतो."

"मी लग्नाचं विचारतोय आणि ही मला हवामान सांगतेय," तेप्पेई झुकझुक गाडीला म्हणाला. मग घास डब्यात परत ठेवून तो गंभीरपणे म्हणाला की तिनं तोंडानं काही सांगूच नये, तिच्या तोंडाचा त्याला भरवसा नाही. शुक्रवारी कडक ऊन आहे असं रेडिओ सांगतोय. हो असेल, तर तीनच्या आधी तिनं पावसाचं गाणं लावायचं. "उन्हात पाऊस म्हणजे कोल्ह्याचं लग्न. मी समजेन."

"आणि नाही लावलं तर?"

"तर एक खोली."

जिना उतरून आठव्या मजल्यावर येईपर्यंत तोमोएचं ठरलं होतं. खरं सांगायचं तर तिचं कधीच ठरलेलं होतं, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं. तेप्पेई नसलेलं तळघर तिला डोळ्यांसमोर आणवेना. साप्पोरो तर साप्पोरो. पाऊस नसेल तर बर्फाची गाणी जमवू.

अडचण एकच होती, शिनोझाकी-सान. माइकच्या खोलीच्या त्या प्रमुख. केस घट्ट बांधलेले, गळ्याशी दुकानाचा रेशमी रुमाल, आणि आवाज असा की आग लागल्याचं सांगितलं तरी लोक रांगेत उभे राहून बाहेर पडतील. त्यांचा एक नियम होता आणि तो नव्या मुलीला पहिल्याच दिवशी ऐकवला जाई: या खोलीतून खोटं बाहेर जात नाही. उन्हात पावसाचं गाणं हे तर खोट्याहून खोटं होतं. पण शुक्रवारी दुपारी शिनोझाकी-सानांची महिन्याची बैठक असायची, सातव्या मजल्यावर, आणि ती तीनपर्यंत चालायची.

शुक्रवारी ऊन असं पडलं की मुरोई-साननं सकाळीच फोन करून टोपीखाली डोकं उकडतंय अशी निष्कारण बातमी दिली. दुपारी शिनोझाकी-सान बैठकीला गेल्या. तोमोए खोलीत एकटी उरली. एकटी असेल तर खोली सोडायची नाही, म्हणजे खाली धावत जाऊन सांगायची वाट बंद. तिनं पावसाची टेप काढली, यंत्रावर चढवली, बटणावर बोट ठेवलं आणि तिला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. आता सबंध दुकानात शेकडो माणसं खोळी चढवणार, छत्र्या खाली धावणार, पायपुसणी पसरणार, कशासाठी? तर तोमोएचं लग्न ठरलं म्हणून. एवढी वरात राजकन्येलाही मिळत नसेल.

तेवढ्यात फोन वाजला.

"आला," मुरोई-सान म्हणाला.

"काय आला?"

"काय आला म्हणजे? पाऊस. बदाबदा कोसळतोय. रस्ता दिसेनासा झालाय."

"अहो, आत्ता तर ऊन होतं."

"मीही त्याला तेच म्हटलं, बाई. ऐकत नाही."

तोमोएनं विचारलं की थोडंफार ऊन अजून आहे का, एखादी तिरीप. मुरोई-सान म्हणाला की बाहेर संध्याकाळ झाल्यासारखा काळोख आहे आणि तिनं कृपा करून टेप लावावी, कारण एक बाई कागदी पिशवीत नवी टोपी घेऊन दाराकडे येताना त्याला दिसतेय.

लावावी लागली. व्हायोलिनं सुरू झाली आणि तोमोए कपाळाला हात लावून बसली. खाली काय होणार ते तिला स्वच्छ दिसत होतं. गाणं ऐकून तेप्पेई आधी उडी मारणार. मग सरकत्या जिन्यावरून ओल्या छत्र्या खाली यायला लागणार, आणि त्याला कळणार की हा नुसता पाऊस आहे, उत्तर नव्हे. खऱ्या पावसात वाजलेलं पावसाचं गाणं म्हणजे काहीच न वाजल्यासारखं. म्हणजे एक खोली.

तळघरात दोन फोन होते, एक दुकानातला आणि एक बाहेरचा, पण दोन्ही मिठाईवाल्या मालकांच्या मेजावर, त्यांच्या हाताशी. तिनं अर्धा नंबर फिरवला. मालकांना काय सांगायचं? तुमच्या माणसाला सांगा, मी त्याच्याशी लग्न करते? तिनं फोन खाली ठेवला, आणि ठेवता ठेवता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उन्हात पाऊस नाही जमला तर पावसात ऊन. कोल्ह्याला काय, दोन्ही सारखंच. बाहेर धो-धो पडतंय आणि आत पियानो टुणटुण उड्या मारतोय, यावरून गाढवालाही कळेल. तिनं व्हायोलिनांचा गळा मध्येच दाबला आणि उन्हाचं गाणं लावलं.

मग फोन जे वाजायला लागले ते थांबेचनात. पहिला मुरोई-सानचा. गेला असं कोण म्हणालं, असं तो विचारत होता. त्यानं तर तोंड उघडलं नव्हतं. छत्र्यांची गाडी त्याच्या नाकासमोरून परत लिफ्टकडे चालली होती आणि मागून भिजलेली माणसं "अहो छत्री, अहो छत्री" करत धावत होती. पाठोपाठ किमोनोंच्या मजल्यावरून, की एका आजींच्या पिशवीवरची खोळ आत्ताच काढली, त्या खाली गेल्या, दारात जाऊन परत आल्या आणि आता खोळ मागताहेत. पायपुसणीवाल्यानं विचारलं की गुंडाळलेली उलगडायची का, म्हणजे त्याला एकदाच काय ते सांगा, त्याची कंबर दुखतेय. तोमोए प्रत्येकाला मधाळ आवाजात "जरा कळ काढा" सांगत होती आणि फोन ठेवला की तोंडावर हात दाबून खिदळत होती. आता तरी कळलं असेल.

मग तळघरातून फोन आला. मिठाईशेजारी लोणच्यांचा ठेला लावणाऱ्या ओयोने-सान होत्या, ज्यांना सगळं तळघर काकू म्हणत असे. लग्नाच्या मागणीचं त्यांना ठाऊक होतं, गाण्याच्या खुणेचं नव्हतं.

"अगं पोरी, वर चाललंय काय? आणि तो तुझा शहाणा. तू पाऊस लावलास, हा उडाला, पण ओल्या छत्र्या दिसल्या तशी मान खाली घालून खोळी चढवल्या. ऊन लावलंस, आता उतरवतोय. समोरून लोक निथळत येताहेत आणि हा खाली मान घालून खोळींच्या घड्या घालतोय."

तोमोएनं डोळे मिटले. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. कुरेहायाच्या माणसाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं, बाहेरचं बघायचं नाही, गाणं ऐकायचं. तेप्पेई तर त्यातला सगळ्यात आज्ञाधारक. समोर गिऱ्हाईक पागोळ्यांसारखं गळत असलं, तरी टेप ऊन म्हणतेय ना, मग ऊन.

"काकू, त्याला सांगा—"

"थांब, मालकच आले, त्यांच्याशी बोल."

"हं, बोला," एक जाडा आवाज म्हणाला.

"बाहेर पाऊस आहे," तोमोए कशीबशी म्हणाली.

"मग ऊन कशाला लावलंत?" मालकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. तिनं फोन ठेवून दिला.

आता राहिला एकच उपाय, सरळ शब्दांत सांगणं, आणि शब्द तिच्याकडे पिशवीभर होते. तिनं आपल्या कॅसेटी मेजावर ओतल्या. तेप्पेईनं ऐकलेलं, त्याला ओळखू येणारं, आणि हो म्हणणारं एखादं पावसाचं गाणं. "जूनची काच", त्यात ती त्याला टेलिफोनच्या खोक्यातून रडत सांगते की संपलं. "ओला फलाट", त्यात गाडी निघून जाते. "नव्या बुटांतलं पाणी", त्यात तो दुसरीबरोबर दिसतो, तेही एका छत्रीत. तोमोए एकेक डबी उघडून फेकत गेली. इतकी वर्षं ती ही गाणी छातीशी धरून ऐकत आली होती आणि आज पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं की यातल्या कुणाचंच जमलेलं नाही. सगळ्या देशात पावसात फक्त ताटातूट होते की काय? नुसते भिजतात आणि सोडून जातात मेले. तिला हसू आवरेना आणि रडूही यायला लागलं.

शेवटी एक सापडलं. "छत्रीत एकच जागा". त्यात पहिल्या कडव्यात ती भांडून निघून जाते, पण पुढच्या कडव्यात परत येते, छत्रीत शिरते, आणि मग दोन मिनिटं नुसता सॅक्सोफोन आणि टाळ्या. तेप्पेईचं हे आवडतं गाणं. हे म्हणताना त्याला एका पार्टीत माइक काढून घेऊन खाली बसवलं होतं. तोमोएनं कॅसेट आत सरकवली आणि बटण दाबलं.

कुरेहायाच्या भिंतींनी जन्मात ढोल ऐकला नव्हता. शब्द असलेलं गाणं ऐकलं नव्हतं. आता नऊच्या नऊ मजल्यांवर धडधड ठेका सुरू झाला आणि एक पोरगी तारस्वरात पावसाला शिव्या देऊ लागली. फोन वाजला.

"बाई, हे काय आहे?" मुरोई-सान ओरडून विचारत होता. "घालायचं की काढायचं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला नाचावंसं वाटतंय. पण मी ड्यूटीवर आहे."

पावडर-लिपस्टिकच्या मजल्यावरून एक मुलगी हसत हसत सांगत होती की निम्म्या जणींनी खोळी चढवल्यात, निम्म्यांनी काढल्यात, आणि एक गिऱ्हाईक आजोबा काउंटरवर बोटांनी ताल धरून उभे आहेत, ते जायला तयार नाहीत. तोमोएनं फोन तसाच खांद्यावर टाकला आणि त्या वीतभर खोलीत, फेकलेल्या डब्यांमधून वाट काढत, ती नाचू लागली. आणखी एवढं कडवं, की ती परत येते. फक्त एवढं कडवं.

"छत्री तुझी तुला ठेव, मी निघाले," गाणारी म्हणाली, आणि गाणं खटकन थांबलं.

शिनोझाकी-सान बटणावर बोट ठेवून उभ्या होत्या. आवाज त्यांनी चढवला नाही. त्यांनी कॅसेट बाहेर काढली, पावसाची टेप चढवली, लावली, खालपासून वरपर्यंत व्हायोलिनं नीट वाहू लागल्याची खात्री केली, आणि मगच त्या तोमोएकडे वळल्या. नेमका तेव्हाच फोन वाजला. तो त्यांनीच उचलला.

पलीकडून ओयोनेकाकू श्वास न घेता बोलत होत्या. त्यांचं बोलणं खोलीभर ऐकू येत होतं. गाणं ऐकून तेप्पेईनं मान वर केली म्हणे, पहिल्यांदाच, आणि त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आणि मग नेमकं ती निघून जाते तिथंच गाणं तोडलंत. मुद्दाम तोडलं, काकू, असं म्हणतोय. निरोप मिळाला म्हणतोय. वड्या उलट्या भरतोय खोक्यात. आणि मालक फोनकडे निघालेत.

शिनोझाकी-साननी फोन ठेवला. "कुणाला निरोप मिळाला?"

तोमोएनं सगळं सांगितलं. गच्ची, साप्पोरो, एक खोली की दोन, कोल्ह्याचं लग्न, सगळं एका दमात, मध्येच हुंदका, मध्येच फिस्सकन हसू, आणि शेवटी ती पडलेल्या कॅसेटी गोळा करायला खाली बसली.

"म्हणजे पावसात तू ऊन लावलंस," शिनोझाकी-सान म्हणाल्या.

"हो."

"ते खोटं होतं."

"हो."

शिनोझाकी-साननी गळ्याचा रुमाल सारखा केला. मग त्यांनी कामाच्या गोष्टीसारखं विचारलं, "तो मुलगा आत्ता कुठं आहे?"

"तळघरात."

"आपण कुठं जायचं हे त्याला ठाऊक आहे?"

"नाही."

"म्हणजे चुकलाय." कुरेहायात रोज दोन-तीन मुलं गर्दीत चुकतात, आणि त्यांची सूचना स्वतः शिनोझाकी-सानच देतात. त्यांनी खुर्ची माइकपाशी ओढली. "आता नीट सांग. त्याच्या घरची मंडळी इथं हजर आहेत का? नसतील तर मी सूचना देणार नाही. खोटी सूचना मी देत नाही."

तोमोएला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच आलं नाही.

"आहेत," ती म्हणाली.

"कोण?"

"मी."

शिनोझाकी-साननी घंटीचं बटण दाबलं. चार सूर वाजले, आणि आग लागली तरी रांग मोडू न देणारा तो आवाज नऊ मजल्यांवर उतरला.

"कुरेहायात आलेल्या सर्व पाहुण्यांना नम्र सूचना. एक मुलगा चुकला आहे. नाव तेप्पेई. वय वर्षं सव्वीस. अंगात निळा एप्रन, डोक्यावर पांढरी टोपी. तळघरात मिठाईच्या आसपास तो रडवेला उभा असण्याची शक्यता आहे. त्याच्या घरची मंडळी आठव्या मजल्यावर त्याची वाट पाहत आहेत. कुणाला आढळल्यास कृपया हाताला धरून वर आणून सोडावं."

घरची मंडळी. तोमोएनं आजवर हे शब्द शेकडो वेळा ऐकले होते आणि ते कुणाच्या तरी दुसऱ्यांच्या घराबद्दल असायचे. तिचे कान गरम झाले. बाहेर जिन्यातून हसण्याची लाट मजल्यामजल्यानं वर चढत येत होती, तिच्यावर टाळ्यांची दुसरी. कुणीतरी शिट्टीही मारली. ती बहुधा मुरोई-साननं मारली असावी.

थोड्या वेळानं दारात तेप्पेई उभा राहिला. त्याचा हात खरंच एका आजीबाईंनी धरला होता. किमोनोवाल्या त्याच त्या आजी, बगलेत खोळ घातलेली पिशवी. "लिफ्टपाशी भांबावून उभा होता," त्या म्हणाल्या. "हाच ना तुमचा?" आणि त्यांनी त्याला आत ढकललं. त्याच्या एप्रनच्या खिशातून अजून एक प्लॅस्टिकची खोळ लोंबत होती.

चुकलेलं मूल ताब्यात देण्याआधी त्यालाच विचारायचं, समोरचं माणूस तुझं कोण, हा नियम. शिनोझाकी-साननी तोमोएकडे हात केला आणि विचारलं, "या तुमच्या कोण?"

"तेच विचारायला आलोय," तेप्पेई धापा टाकत म्हणाला. "मंगळवारपासून तेच विचारतोय."

तोमोएनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात फोन वाजला. शिनोझाकी-साननी उचलला, ऐकलं, आणि फोनच्या तोंडावर हात ठेवून सांगितलं, मिठाईचे मालक आहेत. साप्पोरो दुसऱ्या फोनवर ताटकळलंय. ते विचारताहेत, एक खोली की दोन. आणि त्यांनी तो फोन दोघांच्या मधोमध धरला.

तेप्पेई तोमोएकडे बघत राहिला. त्यानं हात पुढं केला नाही.

तोमोएनं फोन घेतला. मघाशी याच जाड्या आवाजाला ती पावसाबद्दल सांगून पळाली होती.

"दोन," ती म्हणाली.

पलीकडून मालक म्हणाले, "कोण बोलतंय?"

"त्याच्या घरची मंडळी," तोमोए म्हणाली.